निळीचा थेंब

"तीन म्हटलंय काय ओढतलंय हां. आदी नाय."

हा आवाज निलांबरीच्या कानात घर करून राहिला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढचा दात लटकत होता, दाताला दोरा बांधला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक बाबांच्या बोटाभोवती होतं. त्या बोटांना लाखेचा वास यायचा. "एक," बाबा म्हणाले. "दोन," म्हणाले, आणि दात बाहेर आला. तीन कधी आलाच नाही.

ती रडली ती दुखलं म्हणून नव्हे. "तुमी तीन म्हटलेलात!" ती हुंदके देत ओरडली.

"तीन म्हटलंय आसतंय तर तू तोंड मिटलंस आसतंस गो चेडवा," बाबा म्हणाले. "आदी सांगला तर दुखणां वाढता."

मग बापलेक अंगणात गेली. दात कौलांवर भिरकावला, उंदराकडे त्याचा बारीक दात मागून घेतला, आणि त्या घरात ही रीत कायमची रुजली. दुखणारी गोष्ट माणसाला सांगायची नाही, त्याला दुसरीकडे बघायला लावायचं आणि दोनवरच ओढून मोकळं व्हायचं.

विश्राम चितारी सावंतवाडीत लाखेची खेळणी रंगवायचे. लाकडी आंबे, वांगी, फणसाचे गरे, आणि सवड मिळाली की गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. निलांबरी मोठी झाली, लग्न करून पणजीला गेली, आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी राहू लागली. हॉटेलनं तिला गणवेश दिला, बूट दिले आणि दातही दिले.

कंपोझिट व्हिनीअर ही तशी जुनी गोष्ट. मूळ दात फारसा न खरवडता त्याच्यावर दाताच्याच रंगाच्या रेझिनचा लेप द्यायचा. एक थर द्यायचा, निळ्या प्रकाशानं घट्ट करायचा, त्यावर दुसरा थर, मग घासूनपुसून चकाकी आणायची. सकाळी खुर्चीत बसलेली बाई दुपारी उठायची ती दातांमधली फट बुजवून, वाकडी कड सरळ करून. निलांबरीच्या पुढच्या दोन दातांमध्येही फट होती, थेट बापाच्या वळणाची. ती बुजली.

लेपाचं वाईट एवढंच की तो टवका उडून फुटायचा. विशेषतः जी माणसं मनावर ताण आला की झोपेत दात खातात, त्यांचा. म्हणून पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं एक युक्ती काढली. माणूस ताणाखाली आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि थोड्याच वेळात ते लाळेत उतरतं. या लोकांनी रेझिनमध्ये त्या द्रव्याच्या रेणूंच्या मापाचे, डोळ्यांना न दिसणारे साचे पेरले. मोदकाच्या साच्यात मोदकच बसावा तसा त्या साच्यात तोच एक रेणू बसायचा. साचे भरले की लेपातून प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं परतायचा, आणि शुभ्र दातांवर राखेसारखी, किंचित निळी झाक यायची. काही तासांनी साचे रिकामे व्हायचे आणि झाक जायची. हेतू साधा होता. दंतवैद्याला वेळीच कळावं, की हा माणूस दात खातो आहे, याचा लेप जपला पाहिजे. या लेपाचं नाव ठेवलं 'चांदणी', आणि निलांबरीच्या दातांवर होता तो हाच.

दंतवैद्यांना जे कळायचं ते दोन वर्षांत सगळ्यांना कळू लागलं.

फक्त एक मेख होती. मनावरचा ताण लाळेत उतरायला वीसेक मिनिटं लागत. म्हणजे दात बोलायचे, पण उशिरा. लोकांनी त्याचीही सोय लावली. मुलगी बघायला आलेली मंडळी विचारायचं ते पोह्यांबरोबर विचारून घेत, मग हवापाण्याच्या गप्पा मारत चहाची वाट बघत. चहा आला की मुलाची मावशी लाडानं म्हणे, "हास बघू जरा, बाळा." मुलीकडचेही काही कमी नव्हते. ते मुलाला पगार विचारत आणि मग आग्रहानं दुसऱ्यांदा पोहे वाढत. नोकरीच्या मुलाखतीनंतर उमेदवाराला उगाच बसवून ठेवू लागले. निलांबरीच्या हॉटेलात झाक आलेल्या मुलींना काउंटरवरून उठवून आत बसवत, कारण पाहुण्याला हसू निर्मळ लागे.

एके काळी याच मुलखात लग्न झालेल्या बाया दातांना दातवण लावून ते काळे करून घेत. तेव्हा काळा दात म्हणजे भरला संसार. निलांबरीची आई, इंदुमती, अजूनही भांडी घासताना कधीतरी एक जुनी ओवी गुणगुणायची:

काळी दातवण माझी, ओठांआड गं लपली
सासरची गोष्ट सारी, दातांमागं मी जपली

आता दातांमागं काही जपता येत नव्हतं. तरी एक गोष्ट लोक सोयीनं विसरत. ही काही खरं-खोटं ओळखायची कसोटी नव्हती. मनावर ओझं आहे, एवढंच दात सांगत. ते कसलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

माघात विश्रामांचं पोट दुखू लागलं. गोव्यातल्या एका इस्पितळात तपासण्या झाल्या. बाबांना बाकावर बसवून डॉक्टरांनी मायलेकींना आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि पसरलेला. दुखणं कमी ठेवता येईल, म्हणाले. निलांबरीनं किती दिवस असं विचारलं नाही, तरी डॉक्टरांनी उत्तर दिलं.

"भाद्रपदातली चतुर्थी बघतील, असं मी म्हणणार नाही."

इंदुमतीनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर पडायच्या आधीच काढला. दाराशी तिनं लेकीचं मनगट धरलं. "त्यांका सांगू नको. माझी शपथ आसा तुका. कळला तर तो माणूस उद्याच आडवो पडतलो."

"आई, पण..."

"पण नाय आनि बिण नाय. पित्ताचो खडो आसा म्हणान सांग."

बाहेर बाबा इस्पितळाच्या भिंतीचा रंग बोटानं खरवडून बघत होते. "काय गो, काय म्हणता डाक्टर?"

"खडो आसा," निलांबरी म्हणाली. "गोळयेनी विरघळतलो."

"बघ! मी म्हटलेलंय," बाबा म्हणाले. "आनि ह्यो रंग बघ. एक हात मारून पैशे घेतल्यानी."

दर रविवारी ती सावंतवाडीला जाऊ लागली. सुदेश, तिचा नवरा, पहिल्यांदा बरोबर आला, आणि परतताना गाडी चालवत म्हणाला, "मी नाही येणार आता. ते माझ्याकडे बघून विचारतात, जावईबापू, वर्षभरात बरा होईन ना? मला नाही जमत गं. तोंडातून निघून जाईल माझ्या."

"मग मी एकटी जाते."

"तू सांगत का नाहीस त्यांना?"

"आईनं शपथ घातलीय."

"आईनं घातलीय. बाबांना कुणी विचारलंय?"

 गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताना तिनं गाडीच्या आरशात दात बघितले. झाक धरू लागली होती.

बाबा पडवीत बसून गंजिफा रंगवत होते. हयातभर त्यांनी दुकानांसाठी पत्त्यांचे जोड केले होते, एकानं कागद डकवायचा, दुसऱ्यानं रेघ मारायची, तिसऱ्यानं रंग भरायचा. हा जोड मात्र पहिल्या चिंचोक्याच्या खळीपासून शेवटच्या लाखेच्या हातापर्यंत त्यांचा एकट्याचा होता, आणि तो निलांबरीला द्यायचा होता. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. मत्स्यापासून बुद्धापर्यंत नऊ झाले होते. कल्कीच्या बारा कोऱ्या चकत्या सुपात वाळत पडल्या होत्या.

"कल्की कधी करतल्यात?" तिनं विचारलं.

"तो खंय इलोहा अजून?" बाबा हसले. "येवचो आसा. घाई कित्याक? पोट जरा बरां वाटांदे, मगे सावकाश करतंय. घोडो माका उडतो काढूचो आसा. हात थीर होयो." त्यांनी खारीच्या केसांचा कुंचला ओठांत धरून त्याचं टोक जुळवलं. "आनि माझो खडो? विरघळलो काय?"

"विरघळता," ती म्हणाली.

मग सगळी जेवायला बसली. आईनं सोलकढी वाढली. कशावरून तरी निलांबरी हसली, आणि बाबांचा घास हातात राहिला.

"परत हास."

"काय झाला?"

"हास म्हणतंय ना."

ती हसली. बाबांनी डोळे बारीक केले. पन्नास वर्षं पांढऱ्यात पांढरा मिसळलेले डोळे होते ते. "लाखेच्या पांढऱ्यात निळीचो एक थेंब पडलो काय असोच रंग येता," ते म्हणाले. "बाकीच्यांका दिसूचो नाय. थेंब कोणी टाकल्यान?"

"कामाचो ताण आसा, बाबा."

"कामाचो ताण रविवारी येता?"

इंदुमती उठली आणि ताटं गोळा करू लागली.

बाबांनी मनाशी हिशेब मांडला. लेक एकटी येते. जावई येत नाही. जावयाचं नाव काढलं की ती विषय बदलते आणि जेवण होईतो दात निळे पडतात. हिशेबात काही चूक नव्हती, फक्त उत्तर चुकीचं होतं. चौथ्या रविवारी त्यांनी तिला माडाखाली गाठलं.

"तुझो घो तुका त्रास देता काय?"

निलांबरीनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. पण तिच्या लक्षात आलं की ती नाही म्हणाली तर पुढचा प्रश्न येईल, मग निळीचा थेंब कसला? त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. असलेलं द्यायचं नव्हतं. ती गप्प राहिली. बापानं त्या गप्प राहण्याला होकार समजायला वेळ लावला नाही.

घरी येऊन तिनं हे सुदेशला सांगितलं. त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"म्हणजे आता मी तुला छळतो."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही असंही म्हटलं नाहीस." तो हसला. त्याचे दात त्याचेच होते, त्यांच्यावरून काही कळायचं नाही. "राहू दे. माझ्यावर राहू दे आळ. त्यांना तेवढ्यानं बरं वाटणार असेल तर मी व्हिलन. फक्त एक सांग, निलू. ते गेल्यावर मी त्यांना कसं सांगणार, की मी तसा नव्हतो?"

त्या वर्षी शिमग्याला जावयाच्या नावानं नारळ आला नाही. सुदेशनं फोन केला तर बाबांनी उचलला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवला. इंदुमतीला खरी गोष्ट ठाऊक होती, ती नवऱ्याची समजूत घालू शकली असती. तिनं घातली नाही. "तांच्या डोक्यात दुसरां काय तरी आसा तां बरां," ती लेकीला फोनवर कुजबुजली. "सोताच्या पोटाकडे ध्यान जायत नाय."

दोनवरच ओढायचं. दुसरीकडे बघायला लावायचं.

निलांबरी डॉक्टर फुर्तादोंकडे गेली. पणजीतल्या मळा भागात त्यांचा दवाखाना होता, त्यांनीच तिला चांदणी बसवली होती.

"यावर पारदर्शक ग्लेझ देता येतं," ते म्हणाले. "साचे बंद होतात. दात कायम पांढरे. तुमच्यासारखे खूप लोक येतात हल्ली. गेल्या आठवड्यात एक नवरदेव आला होता, मुंडावळ्या बांधायच्या आदल्या दिवशी." त्यांनी आरसा खाली ठेवला. "पण झाकल्यावर मलाही काही दिसणार नाही, हे लक्षात ठेवा. तुम्ही दात खाताय. इथं बघा, टवका उडालाय."

"द्या," ती म्हणाली.

रविवारी बाबांनी तिला दारातच थांबवलं. उजेडाकडे तोंड करायला लावलं. त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता, पण नजर शाबूत होती. त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्येच्यावर वार्निश मारलंस," ते म्हणाले. "मेलेलो पांढरो आसा ह्यो. उजेड आत जायत नाय, वरच्यावर घसारता. चेडवा, इतक्या झाकूचा लागता तुका?"

"बाबा..."

"ऱ्हवांदे. माका कळला." ते आत गेले. थोड्या वेळानं ती मागे गेली तेव्हा ते कुंचले धुऊन फडक्यात गुंडाळत होते. सुपातल्या कोऱ्या चकत्या एकावर एक रचून त्यांनी डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर सारला. तेवढ्यानं त्यांना धाप लागली.

"ह्यां काय करतात?"

"पुढल्या आयतवारी मी तुझ्या वांगडा पणजेक येतलंय. चार-सा म्हयने ऱ्हवतलंय. सुदेशाक समोर बसवन इचारतलंय. संसार सरळ लागासर हालूचंय नाय."

"आनि कल्की?"

"कल्की पुढल्या वर्साक."

इंदुमती माजघराच्या दारात उभी होती. तिनं लेकीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. निलांबरीला त्या नजरेत भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती सुटका होती. आणि तिला पहिल्यांदाच नीट कळलं, की आपण तिघांनी मिळून या माणसापासून काय काढून घेतलं आहे. दुखणं नव्हे, ते त्याच्यापाशीच होतं. त्याचे उरलेले दिवस काढून घेतले होते, आणि ते एका न झालेल्या भांडणाला देऊन टाकले होते.

गुरुवारी ती पुन्हा फुर्तादोंच्या खुर्चीत बसली.

"ग्लेझ काढायचंय?"

"सगळंच काढायचंय. खालचे माझे दात आहेत ना अजून?"

"आहेत तर. म्हणून तर आम्ही जास्त खरवडत नाही." त्यांनी चष्मा लावला. "हॉटेलवाले काउंटरवर ठेवणार नाहीत मग."

"आत हिशेबाला बसवतील. तिथं कुणी हसत नाही."

बारीक चाकतीचा आवाज पाऊण तास चालला. पांढरा भुगा उडत होता आणि मदतनीस बाई तो नळीनं ओढून घेत होती. शेवटी तिनं जीभ फिरवली. कड खडबडीत होती, आणि मध्ये, पुढच्या दोन दातांत, जुनी फट. जिभेचं टोक तिथं आपोआप जाऊन बसलं, सुट्टीत घरी आलेल्या पोरासारखं.

तसं बघितलं तर ती दात न काढताही सांगू शकली असती. पण मग बाबा तिच्या शब्दांकडे कमी आणि दातांकडे जास्त बघत बसले असते. वीस मिनिटं थांबून रंग उतरतो की नाही ते बघून विश्वास ठेवला असता. ही एक गोष्ट तिला कुणाच्या साक्षीशिवाय सांगायची होती.

रविवारी सकाळी बाबा पडवीत तयार बसले होते. धुतलेलं धोतर, मांडीशी पिशवी, पिशवीत औषधं आणि सुदेशसाठी घेतलेला खाज्याचा पुडा. भांडायला जाणारा माणूस, पण रिकाम्या हातानं जावयाच्या दारात कसा जाणार.

ती पायरीवर बसली आणि हसली.

बाबांनी तिच्या दातांकडे बघितलं. पिवळसर, एक कड तुटलेली, मध्ये फट. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "ह्यां माझां चेडू," ते म्हणाले. "खंय गेल्लां इतके दिवस?" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण आता माका कसा कळतला, तुझ्या मनात काय आसा तां?"

"बघू नका, बाबा. आयका."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. इंदुमती हात पुसत दारात आली. "निलू," ती म्हणाली, "गप. गाडी चुकात तुमची."

"आई, तूय बस."

"शपथ आसा तुका माझी!"

"तुझी शपथ मी मोडतंय. माका माफ कर." तिनं बाबांचा हात आपल्या हातात घेतला. हात हलका झाला होता, पण लाखेचा वास अजून बोटांत होता. "सुदेशान माका कधी काय एक केल्यान नाय. तो माझ्यापायी गप ऱ्हवलोहा. थेंब त्येचो नाय."

"मगे कोणाचो?"

"सांगतंय. तीन म्हटलंय काय सांगतलंय. आदी नाय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना कौलांवरचा दात आठवला असावा.

"एक."

इंदुमती उंबऱ्यावर बसली. तिनं पदर तोंडाला लावला, आणि या वेळी काढला नाही.

"दोन."

इथं निलांबरी थांबली. थांबायचंच होतं तिला. तोंड मिटायला, हात सोडवून घ्यायला, उठून आत जायला पुरेल इतका वेळ तिनं जाऊ दिला. माळ्यावरच्या डब्याकडे बाबांची नजर एकदा गेली आणि परत आली. त्यांनी हात सोडवला नाही. तोंड मिटलं नाही.

"तीन," ती म्हणाली. "बाबा, तो खडो नाय. कॅन्सर आसा. चतुर्थीपर्यंत वेळ मिळात काय नाय, तां डाक्टरांकय सांगूक येत नाय. डबो मी खाली काढतंय. तुमी आजच कल्की घेवा."